डावीकडे कुठवर दिसतं

आमच्या ह्यांनी मोटारसायकलचा पुढचा दिवा पहिल्यांदा बदलला, तेव्हा मी काही बोलले नाही. नवरा निवृत्त झाला की घरातल्या एखाद्या वस्तूच्या मागे लागतो, हे मैत्रिणींकडून ऐकून होते. कुणाचा नळाच्या मागे लागतो, कुणाचा कपाटाच्या बिजागऱ्यांच्या. आमचा दिव्याच्या मागे लागला, इतकंच.

मी नर्स. इस्पितळातली नोकरी संपल्यावर घरोघर जाऊन ड्रेसिंग करायचं काम धरलं. ऑपरेशन होऊन घरी आलेले पेशंट, साखरेच्या आजाराने पाय चिघळलेली म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळून पाठ सोललेल्या बायका. रोज संध्याकाळी चार-पाच घरं. हे टेलिफोन खात्यात वायरमन होते. माझ्या मागोमाग तेही निवृत्त झाले आणि माझे ड्रायव्हर झाले. मी आत जखम धुवायची, हे बाहेर थांबायचे. पण हात स्वस्थ कुठले बसायला. मी बाहेर येईपर्यंत त्या घरची बंद पडलेली बेल वाजायला लागलेली असायची. पेशंट मला सिस्टर म्हणायचे आणि ह्यांना सिस्टरचे साहेब. ह्यांना ते आवडायचं, पण तोंड असं करायचे की जणू चेष्टाच चाललीये.

गाडी बावीस वर्षांची. दिवस लहान झाले, तसं ह्यांचं सुरू झालं.

"अगं, या दिव्यात दम राहिला नाही."

जास्त वॅटचा बल्ब आणला, स्वतःच बसवला. आठ दिवस खुशीत. "बघ कसा लख्ख पडतो," असं मागे वळून सांगायचे, आणि मी म्हणायची, पुढे बघा. आठ दिवसांनी परत, दम नाही. मग त्याहून मोठा बल्ब. एका संध्याकाळी पेशंटच्या फाटकाशी करपल्याचा वास आला. मला वाटलं त्यांच्या स्वयंपाकघरातून येतोय. तो आमच्या गाडीतून येत होता. बल्ब ज्यात बसतो ते प्लास्टिक वितळून मेणासारखं ओघळलं होतं.

मग हे मास्तरकडे गेले. मास्तर म्हणजे चौकातल्या गॅरेजचा मालक. पूर्वी तांत्रिक शाळेत शिकवायचा, म्हणून मास्तर. अजूनही कुठला भाग हातात घेतला की आधी तो समजावून सांगतो आणि मग बसवतो, त्यामुळे घाईची गिऱ्हाइकं त्याच्याकडे जात नाहीत.

"काका, एलईडी बसेल," तो म्हणाला, "पण ही दिव्याची वाटी जुन्या बल्बसाठी बनवलीये. उजेड विखुरणार. समोरच्याच्या डोळ्यात जाणार."

"तू बसव."

"आणि वायर बघितलीत का किती बारीक आहे? तुम्हीच मला एकदा सांगितलं होतं की..."

"बसव म्हटलं ना."

बसवला. पांढराशुभ्र, ट्यूबलाइटसारखा उजेड. समोरून येणारा प्रत्येक जण आमच्यावर दिवे मारायला लागला. सिग्नलला एका बसड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "काका, विमान उतरवायचंय का?" मी मागे बसून हसले. हे घरी पोचेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

तेवढ्यावर थांबले असते तर ठीक. महिन्याभराने पुढच्या गार्डवर आणखी दोन दिवे चढले. मागे बसून मला वाटायचं आपण गाडीवर नाही, रंगमंचावर आहोत. मी म्हटलं, अहो, आता पुरे. तर म्हणाले, "तुझ्या हाडांची काळजी आहे म्हणून करतोय." हे ऐकल्यावर कुठली बायको भांडेल?

तर त्या तीन दिव्यांच्या उजेडात आम्ही एका हातगाडीला धडकलो.

वेग नव्हता, म्हणून वाचलो. रस्त्याच्या डाव्या कडेला रिकाम्या क्रेटनी भरलेली हातगाडी उभी होती. हँडल तिच्या कोपऱ्याला घासलं आणि आम्ही आडवे. माझा गुडघा सोलला, बॅग उघडून पट्ट्यांच्या गुंडाळ्या रस्ताभर उलगडत गेल्या. हातगाडीवाला धावत आला. त्याने आधी मला उठवलं, मग ह्यांना, मग गाडी.

"ही मध्येच कुठून आणलीस?" ह्यांनी त्याला विचारलं.

"काका, दुपारपासून इथेच आहे," तो म्हणाला. रागावला नव्हता, नुसता सांगत होता.

गाडीचे तिन्ही दिवे चालू होते. त्या उजेडात हातगाडीवरचा क्रेट न् क्रेट मोजता आला असता. हे तिच्याकडे बघत उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा मला नवीन वाटला. घाबरलेला माणूस मी रोज बघते. पण ह्यांना घाबरलेलं मी पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

रात्री गुडघ्याला पट्टी बांधताना एकेक आठवत गेलं. आठवड्यात दोनदा ह्यांच्या डाव्या हाताशी ठेवलेला पाण्याचा पेला उलटला होता. दाराच्या चौकटीला खांदा आपटून डाव्या दंडावर काळंनिळं झालं होतं. बाजारात शेजारून चालताना मी दिसेनाशी झाले म्हणून हाका मारल्या होत्या, आणि मी तर त्यांच्या कोपराशीच होते. प्रत्येक वेळी मी म्हटलं होतं, काय हा धांदरटपणा. पेशंटच्या नुसत्या चेहऱ्यावरून ताप ओळखण्यात माझा जन्म गेला, आणि रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसाचं काय चाललंय ते मला कळलं नव्हतं. याची बोच अजून आहे.

सकाळी चहा झाल्यावर मी खुर्ची ओढून ह्यांच्या समोर बसले.

"उजवा डोळा झाका आणि माझ्या नाकाकडे बघा."

"एवढ्या वर्षांनी?"

"नुसतं बघा. नजर हलवायची नाही. मी कडेने बोटं आणते, दिसली की सांगा."

त्यांनी डोळा झाकला आणि शहाण्या मुलासारखे बघत बसले. मी थांबले. तेही थांबले. मग म्हणाले, "आण ना. कर सुरू."

माझी तीन बोटं त्यांच्या डाव्या बाजूला कधीची हलत होती.

मी हात खाली घेतला. त्यांना कळलं. चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "किती होती?"

"तीन."

"बरं."

डोळ्यांची डॉक्टर तरुण मुलगी होती, आमच्या लेकीच्या वयाची. तिने ह्यांना एका यंत्रापुढे बसवलं. आतल्या पांढऱ्या घुमटात कुठेही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे अंधारात बसले होते. यंत्राची टिकटिक ऐकू येत होती. बटणाचा आवाज मात्र फार कमी वेळा येत होता.

"काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाली. "दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. डोळ्यातला दाब वाढून मागची नस सुकत जाते. आधी कडेचं जातं. डावा डोळा जास्त, उजवाही थोडा."

"मी गाडीला दिवे वाढवत होतो," हे म्हणाले. शाळेत चूक कबूल करावी तसे.

"काका, उजेड कमी पडतच नव्हता. जिथली नस गेली तिथे कितीही उजेड टाकला, तरी निरोप पुढे जाणार नाही."

"म्हणजे लाइन तुटलीये."

"हो."

"जोडता येत नाही."

"नाही. राहिलेली जपायची. थेंब रोज, न चुकता. आणि गाडी आजपासून बंद."

बाकीचं तिने मला सांगितलं. ह्यांना जे समजायचं ते समजलं होतं. जन्मभर लोकांच्या तुटलेल्या लाइनी शोधत फिरलेला माणूस तो.

घरी आल्यावर ह्यांनी गाडी धुतली. कोरड्या फडक्याने पुसली, कव्हर घातलं, दोऱ्या ओढून बांधल्या, किल्ली खिळ्याला अडकवली. सगळं अगदी नीट. मी बसने जायला लागले. लांबची दोन घरं सोडावी लागली, तिकडे बस जात नव्हती. त्यातल्या एका घरच्या म्हाताऱ्याचा पाय बरा व्हायच्या बेतात होता. हे घरी बसून राहायचे. भांडत नव्हते, चिडत नव्हते, डोळ्यात थेंब घालताना हूं की चूं नाही. बरं दिसणारं हे लक्षण बरं नसतं. एकदा मी गच्चीवरून बघितलं, तर कव्हर अर्धं उचलून टायर अंगठ्याने दाबून हवा बघत होते.

त्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "मला गाडी शिकवा."

"कुठली?"

"आपल्या घरात किती गाड्या आहेत?"

ह्यांनी घास खाली ठेवला. "वय काय आपलं?"

"तुमच्यापेक्षा दोनने कमी."

"जड आहे गं ती."

"शंभर किलोचे पेशंट एकटीने कुशीवर वळवलेत मी. तेही ओरडणारे."

हे हसले. कितीतरी दिवसांनी.

शाळेमागच्या मोकळ्या मैदानावर रविवारी सकाळी धडे सुरू झाले. माझे हे एरवी मवाळ, पण शिकवायला लागले की त्यांच्या अंगात कुणी हवालदार शिरतो. "क्लच सोड. सोड म्हणजे टाकून देऊ नको. हळू. अगं हळू." गाडी आचके देऊन बंद पडायची. मी म्हणायची, तुम्ही ओरडलात म्हणून बंद पडली. ते म्हणायचे, गाडीला कान नाहीत. तिसऱ्या रविवारी मी एकदाची सुटले आणि मैदानाला पूर्ण चक्कर मारली. हे कॅरिअर धरून मागे धावत होते, मधेच दम लागून सुटले, आणि ते सुटले हे मला कळलंच नाही. मी एकटीच बोलत होते, "धरलंय ना? धरलंय ना?" म्हणून. वळून आले तर हे मैदानाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभे.

दोनदा पडलेही. लेकीला हे कळलं, तेव्हा तिचा फोन आला. "आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? या वयात? बाबांना दे फोन." मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले, पण कान बाहेरच होते. बराच वेळ पलीकडची बडबड ऐकून झाल्यावर हे एवढंच म्हणाले, "तिला जमतंय." आणि थोड्या वेळाने, "तुझ्यापेक्षा बरं जमतंय."

लायसन्स मिळालं. पहिल्या दिवशी हे मागे बसले, बॅग मांडीवर घेऊन. उजेड होता तोवर सगळं ठीक चाललं. दुसऱ्या घरून निघालो तेव्हा अंधारून आलं होतं. मी तिन्ही दिवे लावले, आणि ह्यांनी त्या गाडीचं काय करून ठेवलंय ते मला पहिल्यांदा कळलं. चाकापुढे दहा पावलं दूध सांडल्यासारखं पांढरं. त्यापलीकडे एकदम काळं. पाट्यांवरून उजेड उलटून माझ्याच तोंडावर यायचा. रस्त्याचा एक तुकडा ओला होता, तिथे तर दिवा आहे की नाही असं वाटलं. मी गाडी कडेला घेतली.

"काय झालं?"

"मला पुढचं काही दिसत नाहीये. हा सगळा उजेड डोळ्यात येतोय. रस्त्यावर पडतच नाही."

मागे ह्यांनी बॅग छातीशी ओढून घेतली. मला वाटलं दुखावले. मग हळूच म्हणाले, "तुलाही?"

"मलाही म्हणजे?"

"मला वाटलं, ते माझ्या डोळ्यांमुळेच."

उरलेली घरं आम्ही गाडी हळूहळू चालवत केली. ह्यांच्यात मात्र काहीतरी हललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर हे बूट घालून तयार.

मास्तर आम्हाला बघून नुसता "या" म्हणाला. हे म्हणाले, "सगळं उतरव. गार्डवरचे दोन, तो पांढरा, सगळं. मी मूर्खपणा केलाय, तू सांगत होतास."

"मी कशाला मूर्खपणा म्हणेन," मास्तर म्हणाला. "पण वायर बारीक होती, एवढं म्हणेन."

दिवा उघडला. मोठ्या बल्बच्या उष्णतेने वाटीची चांदी धुरकटून गेली होती. मास्तरने मीटर लावला. बॅटरीत साडेबारा व्होल्ट होते, दिव्यापाशी पोचत होते अकरा.

"दीड व्होल्ट वाटेतच गळतोय," हे म्हणाले. "आणि मी इथे बल्ब बदलतोय." मग स्वतःलाच हसू आलं त्यांना.

नवी वाटी आणि काच आली. बल्ब घेतला तो गाडीला झेपेल तेवढ्याच वॅटचा. बॅटरीपासून दिव्यापर्यंत सरळ जाड वायर टाकायची ठरली, मध्ये रिले. रिले म्हणजे काय ते मास्तरने मला समजावलंच: हँडलवरच्या जुन्या स्विचमधून नुसता इशारा जाणार, खरा करंट दुसऱ्या वाटेने जाणार. मी मान डोलावली. ह्यांनी वायर मागून घेतली. स्टुलावर बसले, वायर न बघताच अंगठ्याच्या नखाने तिची जाडी अजमावली, टोकं सोलली, पिळली, टोप्या दाबून बसवल्या. नजर समोर भिंतीवर होती आणि बोटं आपापलं काम करत होती. गाडीच्या चौकटीला जिथे वायर जोडायची तिथला गंज खरवडून लोखंड चमकेपर्यंत घासलं. ते चमकलं की नाही ते बघायला मात्र मान पूर्ण वळवून, अगदी समोर आणून बघितलं. मास्तर हातातलं काम सोडून उभा होता.

"काका, असं जोडकाम हल्ली कोण करतं?" तो म्हणाला.

"बघून करणारे चुकतात," हे म्हणाले.

संध्याकाळी अंधार पडायला लागल्यावर दिवा जुळवायचा होता. मास्तरने गॅरेजच्या मागच्या भिंतीपासून पंचवीस फूट मोजले आणि गाडी उभी केली. दिव्याची उंची मोजून भिंतीवर खडूने आडवी रेघ ओढली, रेघेच्या मधोमध फुली.

"सिस्टर, गाडीवर बसा. काका, तुम्हीपण. दोघांचं वजन पडलं की पुढचा भाग वर येतो."

आम्ही बसलो, फोटो काढायला बसावं तसे. मास्तरने दिवा लावला. भिंतीवर पिवळसर, शांत उजेड पडला. कडा स्वच्छ. मास्तर दिव्यापाशी पाना घेऊन उकिडवा बसला.

"वरची कड कुठे आहे?" ह्यांनी माझ्या खांद्यामागून विचारलं.

"रेघेच्या चार बोटं वर."

"खाली घे, मास्तर. समोरून येणाऱ्याला त्रास नको. आता?"

"रेघेच्या जरा खाली."

"तिथे ठेव. डावीकडे कुठवर दिसतं?"

"खिडकीच्या चौकटीपर्यंत."

"आणि उजवीकडे?"

"पाण्याच्या पिंपापर्यंत."

ह्यांनी माझ्या खांद्यावरून मान पुढे काढली. मग म्हणाले, "मास्तर, डावीकडे किंचित वळव. तिला कडेचं दिसायला हवं."

मी भिंतीकडेच बघत राहिले. मास्तरला वाटलं मला पटलं नाही. त्याने पाना थांबवून वर बघितलं. "नको का, सिस्टर?"

"हवा," मी म्हटलं. "वळव."

त्यानंतर आमच्यावर कुणी दिवे मारले नाहीत. मी लांबची दोन्ही घरं परत धरली. खड्ड्याची सावली आता दुरून दिसते, रस्त्याची कड दिसते, कडेने चालणाऱ्या माणसाच्या चपलाही दिसतात. तो पाय चिघळलेला म्हातारा मला हेल्मेट काढताना बघून म्हणाला, "सिस्टर, ड्रायव्हर बदलला वाटतं." हे बॅग घेऊन माझ्या मागून आत आले आणि म्हणाले, "मला बढती मिळाली. आता मी मागे बसून नुसते हुकूम सोडतो." त्या घरची बेल तीन महिने बंद होती. मी पाय उघडून बघेपर्यंत ती वाजली.

सहा महिन्यांनी डॉक्टरने परत त्या यंत्रापुढे बसवलं. दाब उतरलाय, होतं तेवढं शाबूत आहे, म्हणाली. गेलं ते गेलंच. पेला मी आता उजव्या हाताशी ठेवते. थेंब घालताना हे तोंड उघडतात, का ते त्यांनाही माहीत नाही. आठवड्यातून दोन सकाळी मास्तरच्या गॅरेजमध्ये वायरिंग करतात, आणि जास्त वॅटचा बल्ब मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला अर्धा तास बसवून घेतात. मास्तर म्हणतो, माझ्यापेक्षा वाईट मास्तर आणून ठेवलात तुम्ही.

गेल्या रविवारी पेशंट नव्हते. हे म्हणाले, तलावाच्या रस्त्याने जाऊ, तिकडे रस्त्यावर दिवे नाहीत, आपला किती लांब जातो ते कळेल. दिवस मावळता मावळता गाव मागे पडलं. मी वरचा झोत लावला. रस्ता वळणापर्यंत सरळ उघडला. मागून हुकूम चालूच होते. वेग कमी कर. आता उतार येईल. हॉर्न दे.

"आणखी एक शब्द बोललात तर इथेच उतरवीन," मी म्हटलं.

मग त्यांची हनुवटी माझ्या उजव्या खांद्यावर टेकली. माझ्या हेल्मेटच्या आडून त्यांना रस्ता दिसत नव्हता, हे माझ्या लक्षात आलं. मी अंग जरा डावीकडे घेतलं.

"दिसतंय का?"

"मधलं दिसतंय," ते म्हणाले. "लांबवर दिसतंय. कडेचं तू बघ. आणि गिअर बदल, कधीची घुसमटतीये बिचारी."

मी गिअर बदलला.